धर्मपाल सरांचं ढेमसं

होळी जवळ आली की आर्णीच्या बाजारात लोक ढेमशांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागतात. एरवी ढेमसं म्हणजे घरात दुसरं काही नसलं की चढवायची भाजी. पण धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्याच काही गोल गरगरीत ढेमशांना गाडीच्या पार्टला मारतात तो सोनेरी स्प्रे मारला जातो, लाकडी ठोकळ्यावर खिळ्यानं बसवलं जातं, आणि वर्षातला सगळ्यात भंगार सिनेमा, भंगार नट, भंगार नटी, भंगार संवाद यांना ती समारंभपूर्वक दिली जातात. पुरस्काराचं नाव 'सोन्याचं ढेमसं'. चार-आठ दिवसांत ते आतून सडतं. "कीर्तीचं बी तसंच असते," असं धर्मपाल बनसोड सर दरवर्षी स्टेजवरून सांगत आणि लोक दरवर्षी टाळ्या वाजवत.

हे सगळं सरांचंच डोकं. हायस्कूलातून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आवाज असा की प्रार्थनेला त्यांना कधी माईक लागला नाही. तरुणपणी नाटकांत कामं केलेली. राज्य नाट्य स्पर्धेत एकदा अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालेलं, ते प्रशस्तिपत्र बैठकीत भिंतीवर होतं, मुलाच्या इंजिनियरिंगच्या पदवीच्याही वर. सिनेमातलं आपल्याला कळतं याबद्दल सरांना शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर आर्णीतल्या कोणालाच नव्हती.

"या हिरोच्या चेहऱ्याले तीनच बटनं हायेत," ते स्टेजवरून म्हणत. "चालू, बंद, अन् दुरुस्तीले गेला." किंवा, "हिरोईन रडून राह्यली हे आपल्याले कायच्यावरून समजते? मागं सारंगी वाजते त्याच्यावरून." हॉल हसून लोळायचा. मुंबईचे विजेते काही पुरस्कार घ्यायला आर्णीला येत नसत. त्यांच्या वतीनं हॉलमधलाच कोणीतरी काळा चष्मा लावून वर जायचा आणि कमरेत वाकून ढेमसं स्वीकारायचा. पहिल्या रांगेत सरांची बायको पंचफुला बसलेली असायची आणि सगळ्यांच्या आधी तीच हसायची. ती ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली नर्स. तिची ख्याती वेगळी होती. इंजेक्शन देताना "दुखणार नाही" असं ती उभ्या नोकरीत कोणाला म्हणाली नव्हती. "दुखते, पण थोडं," म्हणायची, आणि टोचायची.

गेल्या दिवाळीनंतर सरांकडे धनसिंग राठोड आला. सरांचाच जुना विद्यार्थी. लग्नांच्या शूटिंगा करायचा, ड्रोन उडवायचा, आणि आता त्यानं सिनेमा काढायला घेतला होता. नाव होतं 'रक्ताचा फेरफार'. दोन भावांची जमिनीवरून दुश्मनी, त्यात एक खून, शेवटी कोर्ट.

"सर, जजचा रोल हाय," धनसिंग दारातच चप्पल काढून म्हणाला. "लहानसाच हाय. पण आवाज पाह्यजे. तुमच्यासारखा आवाज आपल्या तालुक्यात कोणाले हाय?"

"मी आता कायले करतो गा," सर म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनी हात पुढे करून कागद घेतला.

सरांच्या वाट्याला पाच ओळी होत्या. आरोपी आपलाच लहानपणी हरवलेला मुलगा आहे हे जजला कळतं, तरी तो शिक्षा सुनावतो, एवढंच. सरांनी आठवडाभर त्या पाच ओळींवर काम केलं आणि धनसिंगला दोन पानं परत दिली. त्यात न्यायदेवता होती, आईचं दूध होतं, पैनगंगेचा पूर होता, आणि 'पुत्र' हा शब्द अकरा वेळा होता. धनसिंगनं पानं वाचली, डोकं खाजवलं, आणि "सर, तुम्ही म्हणता त..." म्हणून घडी घालून खिशात ठेवली. ज्यानं आपल्याला अलंकार शिकवले त्याला हा अलंकार काढा असं कसं सांगायचं?

शूटिंग एका मंगल कार्यालयात झालं. जजच्या मागच्या भिंतीवर थर्माकोलात 'शुभविवाह' लिहिलेलं होतं. त्यावर पडदा टाकला, तरी 'शुभ' तेवढं बाहेर राहिलंच. रडायच्या जागी मेकअपवाल्यानं डोळ्यांत घालायला ग्लिसरीन आणलं, तेव्हा सरांनी त्याचा हात बाजूला केला. "खरा नट आतून रडते," ते म्हणाले. मग ते आतून रडले. पहिल्याच टेकला युनिटनं टाळ्या वाजवल्या. जेवण थांबलेलं होतं, हे सरांना कोणी सांगितलं नाही.

जानेवारीत सिनेमा गावातल्या थिएटरला तीन दिवस लागला. पहिल्या खेळाला सर नवीन जॅकेट घालून गेले, शेजारी पंचफुला. कोर्टाचा सीन आला. सरांनी पडद्यावर डोळे मिटले, जबडा आवळला, मान आढ्याकडे नेली आणि "पुत्रा!" अशी हाक मारली. थिएटरात हशा पिकला. दुसऱ्या 'पुत्रा'ला शिट्ट्या. सातव्याला मागून कोणीतरी "हाव बाबा!" म्हणून ओ दिली.

"त्या आरोपीच्या पोट्ट्याले हसून राह्यले," सर पंचफुलाच्या कानात म्हणाले. "त्याले उभंच राहता येत नाही."

घरी आल्यावर सरांनी जॅकेट काढत सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंग? कसं वाटलं?"

"चहा ठेवू काय?" पंचफुला म्हणाली.

सरांनी याचा अर्थ, तिला बोलायला शब्द सुचत नाहीत, असा घेतला. एका परीनं ते खरंच होतं.

फेब्रुवारीत ढेमशाच्या परीक्षकांची बैठक गौरी खडसेच्या दवाखान्यात भरली. गौरी दातांची डॉक्टर, परीक्षकांत वयानं सगळ्यात लहान आणि जिभेनं सगळ्यात धारदार. पेशंट गेले की तिची वेटिंग रूम मोकळी असायची. सर अध्यक्ष. त्यांचे जुने मित्र श्रीकृष्ण पांढरीपांडे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, ते कायमचे चिटणीस. आणखी दोघं जण होते. नट या वर्गाची वेळ आली तसे पांढरीपांडे उगाच चष्मा पुसू लागले.

"मुंबईचा तो बेडकावानी उड्या मारणारा एक हाय," ते म्हणाले. "अन् दुसरं नाव... म्हणजे लोकाईकडून आलं हाय, आपण नाही टाकलं..."

"कोणाचं?" सरांनी विचारलं.

पांढरीपांड्यांना ते बोलवेना. गौरीनं सरळ सांगितलं, "सर, तुमचं."

वेटिंग रूमच्या भिंतीवर हसऱ्या दातांचं पोस्टर होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हसले, पण ते हसू त्या पोस्टरइतकंच होतं. "ढेमसं आपलं-परकं पाहत नाही, हा नियम कोणी केला?" ते म्हणाले. "मीच केला. मी बाहेर निघतो. तुम्ही खुशाल मतं द्या." आणि ताठ मानेनं बाहेर गेले. जाताना चुकून क्ष-किरणाच्या खोलीत शिरले, तिथून परत आले आणि मग रस्त्यावर गेले. आपल्याला एकही मत पडणार नाही, याची त्यांना मनातून खात्री होती.

मतं पडली दोन आणि दोन. पांढरीपांडे आणि आणखी एकानं मुंबईवाल्याला दिलं, गौरीनं आणि उरलेल्यानं सरांना. बरोबरी झाली तर एका साध्या प्रेक्षकाचं मत घ्यायचं, फक्त त्यानं दोन्ही सिनेमे पाहिलेले असावेत, हाही नियम सरांचाच. आता पंचाईत अशी की मुंबईवाल्याचा तो सिनेमा आर्णीत लागलाच नव्हता. परीक्षक सोडून तो यवतमाळला जाऊन पाहिलेला एकच प्रेक्षक सगळ्यांना ठाऊक होता. सरच तिला घेऊन गेले होते.

"वहिनींले फोन लावायचा?" पांढरीपांडे घाबरून म्हणाले. "हे म्हणजे घरात आग लावणं झालं."

गौरीनं तोवर फोन लावलासुद्धा होता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यक्रमाला तीन-चार तास असताना, सर आरशासमोर उभं राहून निवेदनाची तालीम करत होते. पंचफुला मागं येऊन उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळीवर अजून कालचा हिरवा रंग होता.

"ऐकता काय," ती म्हणाली. "तिथं सगळ्याईसमोर समजण्यापेक्षा मी आत्ताच सांगते. नटाचं ढेमसं तुम्हाले भेटलं."

सरांचा कंगवा थांबला. "कोण म्हणते?"

"शेवटचं मत माह्यं होतं. मीच तुम्हाले देलं."

सर वळले. त्यांना आधी वाटलं ही थट्टा करते आहे. मग त्यांना तिचा चेहरा दिसला, इंजेक्शन भरतानाचा.

"तू?" ते म्हणाले. "घरच्या माणसानं? अरे, तो मुंबईवाला! बेडूक! त्याच्यापेक्षा मी वाईट?"

"तो बी वाईटच होता."

"मंग त्याले काहून नाही देलं?"

"त्याले पाहताना मले काही झालं नाही. मी अर्ध्या सिनेमात झोपली होती, तुम्हीच उठवलं." पंचफुला पलंगाच्या कडेवर बसली. "तुमच्या वक्ताले मले झोपता आलं नाही वो. तुम्ही तिथं जबडा धरून रडत होते, अन् मले वाटलं याहीची दाढ दुखून राह्यली. लोक हसत होते. मी बी हसली असती, पण मले तुमच्याकडे पाहवत नव्हतं. इतकं वाईट मले त्या बेडकाच्या सिनेमात कुठं वाटलं?"

"म्हणजे काय, मले एक्टिंग येत नाही?"

"येते. म्हणून त राग आला." ती जरा थांबली. "लग्नाच्या आधी केळापूरले भीमजयंतीत तुमचं नाटक होतं. मी आईसंग आलती. तुम्ही त्यात हमाल होते. एक शब्द नव्हता तुम्हाले. मालक शिव्या देते अन् तुम्ही पोतं घेऊन नुसते उभे. तवा मी रडली होती, अन् आईले म्हणली होती, हा पोट्टा कोण हाय ते विचार."

सरांना ते नाटक आठवत होतं. संवाद नसलेला रोल दिला म्हणून त्यांनी दिग्दर्शकाशी महिनाभर अबोला धरला होता. हे त्यांनी पंचफुलाला कधी सांगितलं नव्हतं, आणि ती तिथं होती हे तिनं आजवर त्यांना सांगितलं नव्हतं. पण माणूस रागात असला की अशा गोष्टीही त्याच्या डोक्यावरून जातात.

"मी येणार नाही," सर म्हणाले. "सांगून दे, तब्येत बरी नाही."

"काय झालं म्हणू?"

"काहीबी म्हण. दाढ दुखते म्हण!"

पांढरीपांडे स्कूटर घेऊन सरांना न्यायला आले, तेव्हा सर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. मार्च महिन्यात, पंखा बंद करून. पांढरीपांड्यांनी "धर्मा, अरे मी तुलेच मत... म्हणजे तुले नाही देलं, दुसऱ्याले देलं," अशी समजूत घालून पाहिली. पांघरूण हललं नाही.

"चला भाऊजी," पंचफुला म्हणाली. तिनं निळी कलकत्ता साडी नेसली होती. "विजेता आला नाही त त्याच्या वतीनं कोणीतरी घेते ना? मी घेते. चार शब्द बी बोलते."

स्कूटर गेली. सर उठून बसले. घामानं बनियन ओलं झालं होतं. चार शब्द! पंचफुलाला त्यांचं काय काय ठाऊक होतं! ती काय बोलेल याचा विचार करता करता त्यांना आपला सगळा संसार त्या स्टेजवर उघडा पडलेला दिसू लागला. लग्नात सासऱ्यांपुढे त्यांनी म्हटलेलं स्वगत. मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणा म्हणून दीड तास केलेलं भाषण, ज्यात दोन मुलं चक्कर येऊन पडली. तासभर त्यांनी कसाबसा काढला. मग सदरा अडकवला, चपला घातल्या, आणि पायीच निघाले. निम्म्या वाटेत चक्क पळू लागले.

हॉलच्या मागच्या दारातून ते आत शिरले तेव्हा पंचफुला स्टेजवर होती. माईक तिनं थर्मामीटर धरावा तसा दोन बोटांत धरला होता.

"...त मी याहीले म्हणली, बाजारातून मीठ आणा," ती सांगत होती. "याहीनं काय म्हणावं? 'पंचफुले, मीठ हे आयुष्यालाही लागतं.' मी म्हणली, आयुष्याले नंतर आणा, आत्ता वरणाले पाह्यजे."

हॉल कोसळला. सर दाराच्या आड उभे राहिले. ती आवाज चढवत नव्हती, हातवारे करत नव्हती, हशा झाला की थांबत होती आणि तो ओसरायच्या बेतात आला की पुढचं वाक्य सोडत होती. हे थांबणं सरांनी तीस वर्षं विद्यार्थ्यांना नाटकात शिकवायचा प्रयत्न केला होता. त्यांना राग आठवेना. ते हसले, आणि आपण हसलो हे कळल्यावर आणखी हसले.

"हाय, मागं हाय नवरदेव!" कोणीतरी ओरडलं. माना वळल्या. आता पळता येणार नव्हतं. सर चालत स्टेजकडे निघाले, टाळ्या आणि शिट्ट्या दोन्हींमधून. गौरीनं त्यांच्या हातात ढेमसं दिलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटं सोनेरी झाली.

"दाढ कशी हाय?" पंचफुलानं माईकमध्येच विचारलं.

सरांनी माईक घेतला. "या स्टेजवरून मी मुंबईच्या लय लोकाईले नावं ठेवली," ते म्हणाले. "त्यातला एकबी कधी आला नाही. मले वाटे, भेतात. आज समजलं, भेणं काही चुकीचं नाही." लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांची नजर चौथ्या रांगेत गेली होती. तिथं धनसिंग अंग चोरून बसला होता, बायकोला घेऊन आलेला. संवादाचं ढेमसं त्याला जाहीर झालं होतं आणि ते ठोकळ्यासकट त्याच्या मांडीवर होतं. 'पुत्र' अकरा वेळा वाला सीन वाचून दाखवून मघाशी लोकांनी त्याची पुरती धुलाई केली होती, आणि त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं की ती दोन पानं कोणाची.

"धनसिंग, वरते ये," सर म्हणाले.

धनसिंग बिचकत आला. वर्गात उभं केल्यासारखा.

"ते ढेमसं इकडे आण. याच्या कागदावर जजले पाच ओळी होत्या. चांगल्या होत्या. मी त्याच्या दोन पानं केल्या. न्यायदेवता माही, पूर माहा, अन् पुत्र..." सर थांबले. हॉलमधून एकदम चार-पाच आवाज आले, "हाव बाबा!"

"ते बी माह्येच," सर म्हणाले. "याचा त्यात काही दोष नाही. एवढाच दोष हाय का मास्तरले नाही म्हणता आलं नाही."

धनसिंगनं ढेमसं पुढं केलं. देताना त्याचे डोळे भरून आले आणि तो हसतही होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दोन्ही इतकं सहज दिसत होतं की सरांना क्षणभर हेवा वाटला. दोन्ही हातांत दोन ढेमशी घेऊन ते उभे राहिले. फोटो निघाले. एकाच वर्षी दोन ढेमशी मिळवणारा नट यापूर्वी झाला नव्हता, हे पांढरीपांड्यांनी चिटणीस या नात्यानं जाहीर केलं.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी धनसिंगनं सरांना गाठलं. पायाला हात लावला. मग म्हणाला, "सर, एक विचारू काय? पुढच्या पिच्चरमध्ये सासूचा रोल हाय. मोठा हाय."

"सासू?" सर म्हणाले. "मी सासू करू?"

"तुम्ही नाही सर. मॅडमले विचारतो म्हणलं."

पंचफुला बशीत चहा ओतत होती. "मरायचं हाय काय त्यात?" तिनं विचारलं.

"नाही जी. शेवटपर्यंत जित्ती हाय. सुनेले घेऊन पळून जाते."

"कुठं?"

"ते ठरलं नाही अजून."

"मंग करते," पंचफुला म्हणाली आणि चहा प्याली.

त्या रात्री सरांना तसा थोडा त्रास झाला. कूस बदलत त्यांनी दोनदा सांगितलं की कॅमेऱ्यासमोर उभं राहणं सोपं नसतं. दोन्ही वेळा पंचफुला "हाव" म्हणाली आणि झोपून गेली.

ढेमशी शोकेसमध्ये, पदवीच्या खाली, आठवडाभर टिकली. मग वास येऊ लागला तशी पंचफुलानं ती उकिरड्यावर टाकली आणि ठोकळे धुऊन ठेवले. एप्रिलमध्ये धनसिंग सासूचे कागद देऊन गेला. संध्याकाळी जेवण झाल्यावर पंचफुला तालमीला बसली आणि सुनेची वाक्यं सरांनी वाचायची असं ठरलं.

सरांनी चष्मा लावला, घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला.

"'आत्याबाई,'" ते गरजले, "'मला या घरात राहायचं नाही!'"

शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकू लागलं.

"हळू," पंचफुला म्हणाली. "ती सून हाय. पळून जायचं म्हणून राह्यली. साऱ्या गल्लीले सांगते काय?"

सरांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. या खेपेस नुसतं वाचलं. पंचफुलानं मान हलवली आणि आपलं वाक्य म्हटलं.